पाच डब्यांस वीज कोणती द्यावी, याविषयी

मी, उकंडराव पिता जळबा, वय वर्षे शहात्तर, धंदा शेती, शिक्षण चौथी उत्तीर्ण, राहणार आखाडा बाळापूर, तालुका कळमनुरी, पूर्ण शुद्धीवर असून लिहितो की,

चिरंजीव भागवत यास थोरल्या बंधूचे आशीर्वाद. तुझा गुडघा आता कसा आहे? येथे सर्व कुशल आहे. फक्त नात राजनंदिनी तीन दिवसांपासून माझ्याशी बोलत नाही.

तुला ठाऊकच असेल (नसावे, कारण वेगळी चूल मांडून सेनगावास गेल्यापासून तू विचारपूस करीत नाहीस) की ती गिटार वाजविते. आवाज बदलण्यासाठी तिच्यापाशी पायाने दाबावयाच्या पाच डब्या आहेत. त्यांस पेडल म्हणतात. (सायकलीस दोनच पुरतात, असे मी प्रथम तिला समजाविले होते.) येत्या रविवारी हिंगोलीस तिचे पहिले जाहीर वादन असून डब्यांना वीज पुरविणारे यंत्र घ्यावयाचे होते. निवड मी अंगावर घेतली.

डबीवर पिनेची आकृती असते. तीत ऋण मधोमध व धन बाहेर दाखविले होते. आपल्या घराण्यात ऋण कधी मधोमध ठेवलेले नाही. शोध घेता फवारणी पंपाच्या चार्जरवर धन मधोमध आढळले. शिवाय डबी नऊ व्होल्ट मागत होती आणि हा बारा देत होता. पाहुण्यास चार घास अधिक वाढण्याची आपली रीत तू जाणतोस. मी तो लावला. डबीतून धूर निघाला. (धूर अल्प होता, याची नोंद घ्यावी.) "आबा, काहून हात लावला? इचारायचं तरी," एवढेच ती म्हणाली. तुझी वहिनी म्हणाली, "फवारलं का पोरीच्या गाण्यावर?"

मग हिंगोलीस गेलो. दुकानदार रतनसिंग यांनी एकाच तारेला पाच फाटे असलेले साधन दाखविले. एकत्र कुटुंब पाहून मी ते तत्काळ पसंत केले. घरी उरलेल्या चार डब्या जोडताच गिटारीतून अखंड गुणगुण येऊ लागली, जणू आत गांधीलमाशी कोंडली आहे. मी साधन परत नेले. रतनसिंग म्हणाले, "बाबूजी, एक की खिटपिट दूसरी में जाती है. हर डिब्बी की लाईन अलग लो, झगडाच नहीं." वेगळे होणाऱ्यांची वकिली माझ्यापुढे करू नये, असे त्यांस सांगून मी रिकाम्या हाताने परतलो. बसमध्ये मात्र विचार केला. लाईन वेगळी असली तरी वाजते ती एकच गिटार.

कळावे, तुझा बंधू उकंडराव.

ता. क. तू तीस वर्षे वायरमन होतास, हे मी विसरलेलो नाही. डबीवरचा मिलिअँपिअर हा शब्द मला लिहिता आला, समजला नाही. शनिवारी सकाळच्या गाडीने मीटर घेऊन ये. वेगळ्या लाईनीचे यंत्र तू निवड, पिशवी मी धरीन.

ता. क. दुसरा. जळालेली डबीही उघडून पाहावी. ही आज्ञा नसून विनंती आहे. (हा शब्द तुला प्रथमच लिहीत आहे.)

समक्ष हजर साक्षीदार:
१) राजनंदिनी. (पत्र वाचून हसली. हसणे हे बोलण्यात धरावे काय, ते कळव.)
२) तुझी वहिनी सौ. शालूबाई. (सही करण्यास नकार. "भाऊजी हितं जेवल्यावर करीन," असे तिचे म्हणणे.)