कूलरच्या स्टँडवरचा एसी आणि चौथ्या अर्जाची पोच

प्रति,
मा. सुरक्षा अधिकारी (इमारत व विद्युत),
विणकर वसाहत देखभाल मंडळ,
नागपूर.

अर्जदार : नानाजी गणपतराव सोनकुसरे, वय ६७, निवृत्त तारतंत्री (वायरमन), इमारत क्र. ७, तळमजला.

विषय : एसीचे बाहेरचे यंत्र कूलरच्या स्टँडवर बसविल्याबाबतच्या तीन अर्जांच्या सत्यप्रती मिळणे व चौथा अर्ज दाखल करून घेणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराचे अर्ज दि. २४ एप्रिल, २ मे व १३ मे २०२५.

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार इमारत क्र. ७ च्या तळमजल्यावर एकटा राहतो. त्याच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर, त्याचा धाकटा भाऊ देवराव, भावजय इंदुताई, पुतणी रोशनी आणि दोघा भावांची आई तुळसाबाई, वय ८८, असे राहत असत.

२. देवराव व अर्जदार यांचे चार वर्षांपासून बोलणे नाही. वडील गेल्यावर आईने खाली राहावे म्हणून अर्जदाराने पुढची खोली रंगवून घेतली, पलंग आणला. आईने पलंगावर बसून पाहिले आणि चार माणसांत म्हटले, "मले देवरावाकडंच बरं वाटते." अर्जदारास त्याचे फार वाईट वाटले, हे लेखी कबूल करण्यास त्याची हरकत नाही. तेव्हापासून तो वर गेला नाही.

३. यंदा एप्रिलमध्येच ऊन असे तापले की आईस भोवळ येऊन ती दोनदा पडली. धंतोलीतल्या डॉक्टरांनी थंड खोलीत ठेवा म्हटले, म्हणून देवरावाने एसी आणला. बसवणारा कारागीर उन्मेष हा शहाणा मुलगा आहे. त्याने सांगितले की बाहेरचे यंत्र जड असते, ते सिमेंटच्या बीमवर पक्क्या बोल्टांनी टांगावे, पुढे मोकळी हवा ठेवावी आणि तिसरी तार, म्हणजे अर्थिंग, जोडल्याशिवाय बटण दाबू नये. असा बीम एकच आहे व तो अर्जदाराच्या दारावर येतो. मंडळाच्या नियमानुसार त्यास अर्जदाराची ना हरकत लागत होती.

४. ना हरकतीचा कागद घेऊन देवराव स्वतः आला नाही. त्याने रोशनीस पाठविले. "मोठेबाबा, आजीसाठी सही पाहिजे होती," एवढेच ती बोलली. कागदावर अर्जदाराचे नाव नुसते 'नानाजी' असे होते, आधी 'श्री.' नव्हते. अर्जदाराने कागद तसाच परत दिला. धाकट्याने एक जिना उतरून यावे, ही अपेक्षा फार मोठी होती असे अर्जदारास आजही वाटत नाही.

५. मग देवरावाने आपली अक्कल चालविली. खिडकीबाहेर जुन्या कूलरचे लोखंडी स्टँड होते, त्यावरच ते यंत्र चढविले. उन्मेष हात झटकून निघून गेला, तेव्हा ओळखीच्या कुणाकडून कूलरचीच दोन तारांची वायर जोडून घेतली आणि जोडावर नुसती टेप गुंडाळली. एवढ्यावर थांबेल तर तो देवराव कसला. यंत्राला ऊन लागू नये म्हणून तिन्ही बाजूंनी वाळ्याच्या ताट्या बांधल्या व कूलरसारखे सकाळ-संध्याकाळ त्यांवर पाणी मारणे सुरू केले. ताट्यांनी यंत्राचा श्वास कोंडला की ते बंद पडे. बंद पडले की घरातल्यांना वाटे पाणी कमी पडले, म्हणून आणखी दोन बादल्या. पाणी मारण्याचे काम आईने आपणहून घेतले. हयातभर तिनेच कूलर भरले होते.

६. अर्जदाराने चाळीस वर्षे सूतगिरणीत तारा जोडल्या आहेत. ओले लोखंड, उघडा जोड आणि अर्थिंग नाही, यातून काय होते हे त्याला खालच्या खुर्चीवरून दिसत होते. त्याने कर्तव्यात कसूर केली नाही. दि. २४ एप्रिलचा अर्ज दोन प्रतींत नाही म्हणून परत आला. दि. २ मेचा अर्ज यंत्राची जमिनीपासूनची उंची नमूद नाही म्हणून परत आला. अर्जदार अंगणात बांबू उभा करून उंची मोजत असता आईने खिडकीतून विचारले, "काय मोजून राहिला गा नान्या? उनात नोको उभा राहू." अर्जदाराने उंची लिहून घेतली. ती अकरा फूट चार इंच भरली. दि. १३ मेचा अर्ज मात्र आपण स्वीकारलात व स्थळ पाहणीसाठी ३० मे ही तारीख दिलीत.

७. दि. २१ मे रोजी सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी तुळसाबाई एका हाताने स्टँड धरून दुसऱ्या हाताने मगाने पाणी मारीत असता विजेच्या धक्क्याने जागीच मरण पावल्या. मेन स्विच बंद करण्यास अर्जदारच धावला. चार वर्षांनी तो जिना चढला.

८. घाटावर देवरावाने सर्वांदेखत विचारले, "भाऊ, तुमाले सारं माहीत होतं तं खालून एक आवाज काहून नाही देल्ला?" अर्जदाराने तीन अर्जांचे नाव काढले. देवराव म्हणाला, "अर्ज कोणाले केला? माय तं वर होती." दि. २ जूनला तेरवी आहे. उमरेड व सावनेरचे सगळे नातेवाईक येतील आणि हाच प्रश्न पुन्हा निघेल.

९. आज, दि. ३० मे रोजी, आपले कर्मचारी ठरल्याप्रमाणे पाहणीस आले. यंत्र देवरावाने उतरविलेले असल्याने त्यांनी 'यंत्र आढळून आले नाही, सबब तक्रारीत तथ्य नाही' असा शेरा मारून प्रकरण बंद केले. अर्जदाराने घडले ते सांगितले, तर मृत्यूची तक्रार वेगळ्या नमुन्यात करावी लागते, असे उत्तर मिळाले. आता तथ्य नसलेल्या अर्जाची सत्यप्रत देता येत नाही असेही आपले कार्यालय म्हणते. आईचा जीव गेला, त्याहून अधिक तथ्य अर्जदार कोठून आणणार?

१०. तरी नम्र विनंती की तिन्ही अर्जांच्या शिक्क्यानिशी सत्यप्रती तेरवीपूर्वी मिळाव्यात. तसेच सोबतचा चौथा अर्ज दाखल करून घ्यावा. पाहणी ३० मेच्या आधी व्हावी म्हणून तो अर्जदार दि. २१ मे रोजी सकाळी लिहीत होता. वर बादली टेकल्याचा आवाज आला. आई पाणी मारायला आली, हे त्यास कळले. खिडकीतून मान काढून "माय, स्टँडले हात लावू नोको" एवढेच म्हणायचे होते. अर्जदार त्या वेळी 'सबब जीवितास धोका संभवतो' या वाक्यात होता. त्याने आधी वाक्य पुरे केले.

सदर अर्ज त्या दिवशी सात चाळीसच्या आधी आपणास मिळाला, अशी पोच द्यावी. कार्यालय पावणेदहाला उघडते, हे अर्जदारास ठाऊक आहे.

आपल्या शिक्क्याच्या आशेवर,
नम्र अर्जदार,
(सही)
नानाजी गणपतराव सोनकुसरे

नागपूर, दि. ३० मे २०२५

सोबत :
१) तीन अर्जांच्या स्थळप्रती
२) चौथा अर्ज, मूळ प्रत
३) तुळसाबाई गणपतराव सोनकुसरे यांचा मृत्यू दाखला, दोन प्रतींत