वळूची तपासणी

१९ सप्टेंबर, दुपार

दादा,

नमस्कार. आईचा गुडघा आता बरा आहे. वहिनीने पाठवलेला स्वेटर तिला आवडला, फक्त बाह्या लांब झाल्यात. नवे पत्रे टाकल्यापासून गोठा गळत नाही.

इथपर्यंत सगळं ठीक.

काल मी गुरांच्या डॉक्टरांना घेऊन घरी आले, तर आपल्या कानफाटी गाईचं दावं खुंट्याला नुसतंच लोंबत होतं. आई म्हणाली, दादा व्यापाऱ्याला घेऊनच आला होता, गाय विकून गेला. मी घरी नसणार हे तुला ठाऊक होतं. फोनवर मीच सांगितलं होतं.

डॉक्टर गाईसाठी आलेच नव्हते. तिला त्यांनी मागेच तपासलं होतं. माज वेळेवर, गर्भपिशवी साफ. तरी भरवली की उलटायची, गाभण न राहता पुन्हा माजावर यायची. शेजाऱ्यांच्या गाई आपल्याच वळूकडून भरवलेल्या, त्याही उलटल्या. म्हणून ते वळूला तपासायला आले. तू आणलेल्या, तुझ्या लाडक्या वळूला. मी हे सुचवलं तेव्हा तू हसलास. "अगं, त्याची छाती बघ. त्याची कसली तपासणी?"

डॉक्टरांनी वळूचं वीर्य घेऊन व्हरांड्यात सूक्ष्मदर्शक मांडला आणि मलाही बघायला लावलं. चांगल्या वळूचं असेल तर वारूळ फुटल्यासारखी वळवळ दिसते, म्हणाले. मला साचलेलं पाणी दिसलं. गाय गेली, दादा, आणि वळू अजून पेंड खातोय.

हे आधी मी डायरीत लिहून पाहिलं. अन्याय नको म्हणून तुझी बाजूही मांडली. दूध न देणारी गाय पोसणं जड जातं, वगैरे. पान भरलं आणि मला माझीच चीड आली. किती वर्षं तुझी बाजू मीच मांडतेय!

गाय टेम्पोत चढेना, तेव्हा तू म्हणे तिच्या पाठीवर थाप मारलीस. "रिकामं जनावर किती दिवस पोसायचं?" मग आईकडे बघून गप्प झालास. का, ते आईला कळलं. मलाही कळलं.

माझ्या सासरच्या घरातून माझी बॅग तूच उचलून आणलीस. स्थळही तूच आणलं होतंस, तुझा जिवलग मित्र. हिच्यात काही दोष नाही, आता यजमानांना पाठवा, असं डॉक्टरीणबाई तुझ्यासमोर म्हणाल्या होत्या. तो नाही म्हणाला. तू त्याच्या खांद्यावर हात ठेवलास आणि म्हणालास, पुरुषाची कसली तपासणी. नंतर आईलाही खरं सांगितलं नाहीस.

आता त्याच्या दुसऱ्या बायकोला दवाखान्यात नेतात, असं कानावर आलं. पुन्हा तिलाच.

हे पत्र दूधगाडीबरोबर पाठवतेय, संध्याकाळी मिळेल. व्यापाऱ्याशी मी बोलले आहे. उद्यापर्यंत तो गाय पुढे पाठवणार नाही. पुढे म्हणजे कुठे, ते तुला माहीत आहे. विकलीस तू, आणायचीही तूच. येताना मित्राच्या दारावरून ये. गाय परत का नेतोयस, ते त्याच्या बायकोसमोर सांग. नुसती वळूचीच गोष्ट सांगितलीस तरी चालेल. ती काय समजायचं ते समजेल.

गोठ्याचं फाटक उघडं ठेवते. घराचं दार गाय दिसल्यावर उघडेन.

जिच्यात काही दोष नव्हता, ती
तुझी धाकटी बहीण