लॉलीपॉप खाऊत धरतात

प्रिय मॅरेन,

तुझा फोन आला की मी हो-हो करून वेळ मारून नेते, म्हणून आज लिहायलाच बसले. माझ्या शेजारच्या वर्गावर शिक्षिकेची जागा तुला मिळावी म्हणून मुख्याध्यापिका हॅडिक्सबाईंकडे शब्द टाक, असं तू कधीची सांगते आहेस. त्यावर येतेच.

शनिवारी कराचे कागद भरायला वाचनालयात गेले होते. पोस्टातून निवृत्त झालेला आपला लेलंड तिथं फुकटात सगळ्यांचे कागद भरून देतो. शिक्षकांनी वर्गासाठी पदरमोड केली तर करात ठरावीक रकमेपर्यंत सूट मिळते ना, त्यासाठी पावत्यांची पिशवी त्याच्यापुढे उपडी केली. रंगखडू, कागद, डिंक त्यानं मुकाट्यानं हिशेबात धरले. मग चष्म्यावरून बघत म्हणाला, "अगं रॉबर्टा, एवढे लॉलीपॉप? पोरांचे दात किडवायचा ठेका घेतलायस की काय? हा खाऊ झाला, बाई. हे सामानात नाही बसत." मी पण हसले.

मग सांगितलं. कुणी बंदूक घेऊन शाळेत शिरलं तर काय करायचं, याचा सराव असतो. तेव्हा दिवे घालवून बालवर्गातली पोरं कपाटामागं बसवायची आणि प्रत्येकाच्या तोंडात लॉलीपॉप द्यायचा. चोखत असलं की मूल रडत नाही. आमच्याकडे सगळ्याच शिक्षिका ते आणून ठेवतात. लेलंडची नात टेस माझ्याच वर्गात आहे. तो म्हणाला, "ती मागं एकदा घरी येऊन सांगत होती, आजोबा, आज हिरवा मिळाला. मला वाटलं, कुणाचा तरी वाढदिवस असेल." मग ती पावती परत पिशवीत ठेवत पुटपुटला, "नाहीतरी तुझी सूट रंगखडू-कागदातच संपलीय."

त्याला मी पुढचं सांगितलं नाही. फेब्रुवारीत सराव नसताना खराच धोक्याचा भोंगा वाजला आणि बंदूक घेऊन आलेला माणूस शाळेच्या गाड्या लावायच्या आवारातच पकडला गेला, हे गावाला ठाऊक आहे. त्या दिवशी माझ्याकडचे लॉलीपॉप संपले होते. टेस हुंदके देऊ लागली, बाहेर पावलं वाजली, आणि मी तिचं तोंड दाबून धरलं. पावलं पोलिसांची होती. हात काढला तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. हल्ली ती मला बुटाची नाडीसुद्धा बांधू देत नाही. मला झोप लागत नाही गं.

काल हॅडिक्सबाईंकडे गेले. म्हटलं, माझी मुलगी हुशार आहे, मुलांवर जीव टाकते, पण तिला इथं घेऊ नका. त्यांनी तुझा अर्ज बाजूला ठेवला. त्यांचा नकार तुझ्या हाती पडण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. भांड माझ्याशी, वाटल्यास बोलू नकोस. पण पुन्हा भोंगा वाजला आणि भिंतीपलीकडे तू असलीस, तर मी माझी पोरं अंधारात टाकून तुझ्याकडे धावेन. मी स्वतःला ओळखते.

तुझीच,
आई