लेन्सवर ठपका ठेवू नये

मी पुंजाराम रावजी विधाते, वय एकाहत्तर, धंदा फोटोग्राफी, राहणार पंचवटी, नाशिक, हे मृत्युपत्र कोणाच्या दडपणाने नव्हे, स्वखुशीने लिहीत आहे. दम लागतो, पण डोके ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने येऊन माझ्याशी वाद घालून पाहावा.

राहते घर आणि बँकेतली शिल्लक मुलगा प्रफुल्ल व सूनबाई राखी यांना द्यावी. माझे आजारपण त्यांनी काढले आणि कधी तोंड वाकडे केले नाही.

दुकानातला लाकडी भात्याचा मोठा कॅमेरा व एन्लार्जरची, म्हणजे फोटो मोठा करण्याच्या यंत्राची, लेन्स मुलगी शुभांगी हिला. ती देवळ्याला शिक्षिका आहे. प्रफुल्लने मन खट्टू करू नये. कॅमेऱ्याच्या मूळ लेन्सला बुरशी धरली, तेव्हा अंबडच्या कारखान्यात पितळी कडे कातून त्यानेच एन्लार्जरची ही लेन्स कॅमेऱ्यावर बसवून दिली. तिला शटर नाही. टोपी काढायची, सावकाश रामनाम घ्यायचे, टोपी लावायची. लांबचे डोंगर तिला जमत नाहीत. चार हातांवरचा चेहरा मात्र पापणीसकट उतरवते.

घाटावर दहाव्याला आलेल्यांना गेलेल्या माणसाचा फोटो घाईने लागतो. लग्नाच्या ग्रुपमधला नखाएवढा चेहरा मोठा करून देणे, हेच या लेन्सचे मूळ काम. म्हणून माझी बायको वत्सला तिच्यासमोर कधी बसली नाही. म्हणायची, "तिनं नुसती गेलेली माणसं पाहिलीत. मला नाय तिच्यापुढं बसायचं." मी हसण्यावारी नेले. वत्सला गेली तेव्हा घरात तिचा एकही धड फोटो नव्हता. भाचीच्या लग्नाच्या ग्रुपमध्ये कोणाच्या तरी मागे अर्धी दडलेली सापडली. लेन्स कॅमेऱ्यावरून काढून पुन्हा एन्लार्जरला लावली आणि रडत रडत तिला मोठी केली. चेहऱ्याऐवजी कागदावर नुसते काळे-पांढरे दाणे आले. लोकांची माणसे मी भिंतीवर आणली. माझे माणूस आले नाही.

तिचा सख्खा भाऊ कारभारी तो फोटो पाहून चारचौघांत म्हणाला, "ही कोण हाय?" त्याला माझ्या घरातली काडीसुद्धा मिळू नये.

माझ्यामागे मुलांवर अशी शोधाशोध करायची वेळ येऊ नये. म्हणून उद्या रविवारी मी त्याच लेन्ससमोर बसणार आहे. टोपी शुभांगीने काढायची. फोनवर ती रडली. "आप्पा, नंतर तुम्हाला काही झालं तर? मला जन्मभर वाटेल, माझ्याच हातून झालं." आईची भीती लेकीत उतरली आहे.

तरी हे शेवटचे कलम तिच्यासाठी. फोटो काढल्यावर मी त्याच संध्याकाळी गेलो, तरी दोष माझ्या फुफ्फुसांचा. लेन्सचा नाही, आणि शुभांगी, तुझा तर मुळीच नाही. हे मी पूर्ण शुद्धीवर, दोन साक्षीदारांदेखत लिहून देत आहे. बाळ, टोपी काढताना हात थरथरला तरी चालेल. मी हलणार नाही.

सही: पुंजाराम रावजी विधाते

साक्षीदार:
१. सगुणाबाई मौले, फुलविक्रेत्या, पंचवटी (डाव्या अंगठ्याचा ठसा)
२. वाळू निवृत्ती काकड, शेजारी (सही)

स्थळ: पंचवटी, नाशिक
दिनांक: २० नोव्हेंबर १९९९, शनिवार