बारकीची विमानशाळा

४ मार्च

आइल सीट! आजचा शब्द. विमानात दोन रांगांमधून चालायची वाट असते, तिच्या कडेची जागा. मी म्हटलं, खिडकी सोडून वाटेत कोण बसतं? बारकी फोनवर हसली. "आई, तुला सारखं उठायला लागतं. खिडकीत बसलीस तर शेजारच्यांच्या मांड्या तुडवत जाशील!" हसताना तिच्या पाठीत कळ आली. मग नर्स आली, मग फोन बंद.

मणक्यात गाठ. पोर समुद्रापलीकडे इस्पितळात पाठीवर पडून, आणि मी इथे लोकांच्या पँटी आखूड करत बसलेय. ऑपरेशनच्या आधी मी पोचायचं, असं ठरलंय. एकटीने. यांना गुडघ्यांमुळे इतका वेळ बसवत नाही. इंग्रजीच्या नावाने माझी बोंब. म्हणून ही शाळा.

६ मार्च

बोर्डिंग पास. चेक-इन. हँड बॅगेज. एका दिवसात तीन! पालथ्या घड्यावर पाणी. दुकानात पाठ करते – कापडाच्या उलट बाजूला शिवणाच्या खडूने शब्द लिहायचा, टीप मारता मारता पुटपुटायचा, पाठ झाला की झटकायचा.

९ मार्च

फजिती! बँकेतला साहेब पँट घेऊन परत आला. "मावशी, लांबी अगदी बरोबर झालीय. पण आतून डिपार्चर का लिहिलंय?" झटकायचं राहूनच गेलं! शेजारच्या मशीनवरची काजेवाली पोट धरून हसली.

बारकीला सांगितलं. तिने जावयाला सांगितलं, त्याने नर्सला. "आई, तुझी पँट इथे सगळ्या वॉर्डात गाजतेय." गाजू दे. तेवढीच करमणूक.

१२ मार्च

आज सरावासाठी हे विमानतळावरचे ऑफिसर झाले. स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून, चष्मा नाकाच्या टोकावर. "पर्पज ऑफ व्हिजिट?" मी म्हटलं, माय डॉटर. "डॉटर हा काय पर्पज झाला? नीट सांग." का नाही झाला? मला दुसरा पर्पजच नाही! चांगलं कडाक्याचं भांडलो. दूध उतू गेलं ते वेगळंच.

१७ मार्च

व्हिसासाठी पाठवलेला पासपोर्ट परत आला. आत एक कागद. यांनी वाचला, चष्मा पुसला, परत वाचला. मी तोंडाकडे बघत उभी. "व्हिसा नाही देत म्हणतात."

मी परत येईन याची त्यांना खात्री नाही म्हणे. अरे, मी कशाला राहीन तिकडे! माझं मशीन इथे, हा माणूस इथे. पण सांगू कुणाला? ज्याने नाही म्हटलं त्याचं तोंडसुद्धा पाहिलेलं नाही. भांडायलाही समोर कुणी लागतं.

पुन्हा अर्ज करता येतो. पण तोवर ऑपरेशन होऊन जाईल. मग जाऊन काय करू?

१८ मार्च

सांगितलं नाही. फोन केला तो सांगायलाच. पण मी तोंड उघडायच्या आत तिने सुरू केलं – "आज ट्रान्झिट हं, आई."

जावई मागे म्हणाला होता, दिवसभर भिंतीकडे बघत पडलेली असते, शब्दाची वेळ झाली की मात्र उशी उंच करून मागते. ती उशी मी कशी काढून घेऊ? खडू घेतला आणि लिहिलं. ट्रान्झिट. एका विमानातून उतरायचं, दुसरं यायचं असतं, मधे नुसतं बसून राहायचं.

२१ मार्च

टर्ब्युलन्स. विमान वर हादरतं ते. "घाबरायचं नाही. पट्टा बांधून बसायचं, आपोआप थांबतं." मी विचारलं, मग पायलट काय करतो? "तोही पट्टा बांधूनच असतो गं!"

यांना म्हटलं, सांगून टाकूया, माझ्याने हे नाटक होत नाही. म्हणाले, "ऑपरेशन होऊ दे. मग दोघं मिळून ओरडा खाऊ." हल्ली ऑफिसर होत नाहीत. मी खुर्ची दारात ठेवली, तर उचलून जागेवर नेली.

२२ मार्च

बॅगेज क्लेम. दिवसभर डोकं दुखतंय. एक बाही उलटी जोडली. उसवली, परत उलटीच जोडली.

२५ मार्च

"बॅग भरलीस का?" हो म्हटलं. "मग दाखव ना!" तोंडचं पाणी पळालं! मी गॅस बंद करते म्हणून फोन पालथा ठेवला. यांनी गुडघे विसरून माळ्यावरची बॅग ओढली. हाताला लागेल ते कोंबलं – चादरी, यांचे सदरे, माझ्या चिंध्यांची पिशवी. चेन लावली आणि दाखवली.

"जड दिसतेय. वजन करून घे हं. जास्त भरलं तर काउंटरवर सगळ्यांसमोर उघडायला लावतात." एवढंच. उघडून दाखव म्हणाली नाही. कधीचं विमान तेही विचारलं नाही. सुटले.

फोन ठेवला आणि त्या बॅगेवरच बसून रडले. पोरीला चिंध्या दाखवल्या मी! आई म्हणवते स्वतःला.

२८ मार्च

परवा ऑपरेशन. आजचा शब्द अरायव्हल. "बाहेर आलीस की लोक नावाच्या पाट्या धरून उभे असतात. तू पाट्या वाचत बसू नकोस, आई. तोंडं बघ."

बरं म्हटलं. मागे कुणाच्या तरी यंत्राची टिकटिक ऐकू येत होती. लहानपणी ताप आला की हिच्या पाठीवरून हात फिरवायचे, तशी झोपायची. आता तीच पाठ कापणार, आणि माझे हात इथे. असून नसल्यासारखे.

३० मार्च

आज शब्द नाही. आत नेण्याआधी तिने आवाज भरून पाठवला. फोन मधे ठेवून आम्ही दोघांनी ऐकला.

"आई, व्हिसाचं मला माहीत आहे. अर्ज मीच भरला होता ना इथून, नकार माझ्या मेलवर आला – तुझा पासपोर्ट पोचायच्या आधीच. त्या दिवशी तुझा फोन आला तेव्हा तुझा श्वास ऐकूनच कळलं, तुला सांगायचंय. तुला सांगावं लागू नये म्हणून मीच पटकन शब्द सुरू केला. बॅग दाखव म्हटलं, तेही तुला शंका येऊ नये म्हणूनच."

तिला आत नेलंय. अजून फोन नाही.