स्टुलावरची फितूर

रविवार, ११ फेब्रुवारी २०२४

मेघनापायी आज डाळीचा कोळसा झाला!

शेजारच्या कौसल्याची पोरगी. गॅलरीत पाय पसरून मोबाइल बडवत बसली होती. "काकी, दोन मिनिटं बघा ना, मॅच आहे आमची." मी आपली बघायला वाकले. दोनाची वीस मिनिटं कधी झाली कळलंच नाही. वास आला तेव्हा धावले.

गेम असा— चार-चार जणांच्या सोळा टीम. सगळे विमानातून एका बेटावर उड्या मारतात. मग बंदुका शोधायच्या आणि एकमेकांना उडवायचं. वरून एक रिंगण लहान लहान होत येतं, बाहेर राहिलात की मेलात. शेवटी उरेल ती टीम जिंकली. मेघना आणि आमच्या चाळीतली तीन पोरं मिळून 'लालबाग लवंगी'. नाव मात्र झकास आहे.

कौसल्या आतून ओरडत होती, "तो मोबाइल एक दिवस मोरीत टाकते की नाय बघ!"

शनिवार, ९ मार्च

माहेराहून, गिरगावहून प्रफुल्लदादाचा फोन. नुसता वैतागलेला. त्याचा नील कॉलेज बुडवून तोच गेम खेळतो म्हणे. त्यांच्या टीमचं नाव 'गिरगाव गनिमी'. "तू समजाव त्याला, तुझं ऐकतो." मी हो हो म्हटलं आणि नीलला फोन लावून विचारलं, तुमची मॅच कधी असते रे?

माझा भाचा! मी गनिमीचीच. ठरलं.

पण इथे कुणाला सांगणार नाही. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली तरी नळावर मी अजून 'ती गिरगावची'. त्यात हे कळलं तर संपलंच.

रविवार, १९ मे

आज कमाल झाली. पोरांची पहिली मोठी ऑनलाइन स्पर्धा. गनिमीपण त्याच मॅचमध्ये. कौसल्याच्या टीव्हीला मोबाइल जोडला होता, अर्धी चाळ तिच्या खोलीत. मी दाराशी स्टुलावर. मनातल्या मनात— नील, सांभाळ रे बाबा, नील, डावीकडे बघ!

मध्येच दूध आठवलं म्हणून उठले. उठले मात्र, लवंगीची दोन पोरं खल्लास! सगळे हळहळले. आमच्या सासूबाई, सुभद्राबाई, कोपऱ्यातून गरजल्या, "कोणीय हलू नको! सुनेत्रा, तू बस थयच!"

बसले. मेघनाने एकटीने तिघांना लोळवलं. लवंगी पहिली! गनिमी अकरावी.

"सुनेचो पायगुण," सासूबाई सगळ्यांना सांगत सुटल्या. कौसल्याने माझ्या तोंडात पेढा कोंबला. आणि मी ज्याच्यासाठी मनात ओरडत होते तो पोरगा बिचारा पहिल्या पाच मिनिटांत नदीत मेला होता.

लहानपणी क्रिकेटची मॅच लागली की बाबा मला गॅलरीत घालवायचे. "तू टीव्हीसमोर आलीस की विकेट जाते, पनवती कुठली!" मी कठड्याला टेकून शेजाऱ्यांच्या ओरडण्यावरून स्कोअर ओळखायचे. आणि इथे मला स्टूल!

सोमवार, २० मे

दूध नासलं ते नासलंच.

शनिवार, १७ ऑगस्ट

आता रीतसर वेड लागलंय सगळ्यांना. डंकावर मसाला कुटणाऱ्या रघुशेठनी पोरांना टी-शर्ट करून दिले. पुढे लाल मिरची, मागे नाव. घातले की शिंका येतात, मसाल्याच्या गोदामात ठेवले होते म्हणून. मोबाइल मोरीत टाकणारी कौसल्या रोज स्टेटसला मेघनाचा फोटो टाकते, खाली 'माझी वाघीण'. चिंचपोकळीची एक टीम झालीय, परळच्या दोन. मंडळाने मीटिंगमध्ये ठराव केला— मोठ्या मॅच मंडपाच्या पडद्यावर दाखवायच्या.

लवंगी परत जिंकले. मी परत गनिमीसाठी देव पाण्यात ठेवले होते. देवांना पत्ता चुकीचा दिलाय की काय मी?

रविवार, १७ नोव्हेंबर

आजपासून समालोचन मराठीत! इतके दिवस हिंदीत चालायचं. दोन पोरं माइकवर नुसती सुटली होती. "आणि मेघनाने केलाय करेक्ट कार्यक्रम! झाडामागे लपलेल्या भाऊंना घरपोच सेवा!" तात्या, आमचे तळमजल्याचे, जन्मभर कबड्डी सोडून दुसरा खेळ खेळ मानला नाही, तेसुद्धा मांडीवर थापा मारत होते. "ही पोरगी चढाई करते रे! नुसती पळत नाय!"

माझं स्टूल आता पहिल्या रांगेत असतं. कुणी बसलं तर उठवतात. "ए, काकीची जागा आहे ती. आमची काकी आल्याशिवाय मॅच सुरू नाय करायची."

आमची काकी! किती बरं वाटलं म्हणून सांगू. आणि लाजही वाटली. स्टुलावर बसून लालबागचे पेढे खायचे आणि मनात गिरगाव जपायचं— फितुरीच की ही. कधीतरी कुणीतरी ओळखेल माझ्या तोंडावरून. मग परत 'ती गिरगावची'.

सासूबाई मात्र खूश. बसायच्या आधी रोज कानात सांगतात, "तू फक्त बस. मनात तुका काय म्हणूचा आसा ता म्हण."

बुधवार, २२ जानेवारी २०२५

व्हायचं तेच झालं. मुंबईची फायनल दादरला, हॉलमध्ये, तिकीट लावून. पहिला नंबर देशपातळीवर जाणार, बाकीच्यांनी घरी. लवंगी आहेत. आणि गनिमीही आहेत!

नीलचा फोन. "आत्या, तू आमच्याकडून ना?"

"म्हणजे काय, विचारतोस काय!"

फोन ठेवते तोच मेघना दारात. केस धुतलेले, हातात डबा. "काकी, आईने घावणे दिलेत. तुम्ही येणार ना दादरला? तुम्ही नसाल तर माझा नेम चुकतो हो." मी हो हो म्हटलं आणि डबा घेतला.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

डोकं दुखतंय म्हणून घरी राहू का? ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "रहा की." ह्यांना काही कळत नाही.

न जावं तर लालबागला दगा. जावं तर गिरगावला. जाऊन गिरगावसाठी बसावं तर दोघांना!

रविवार, ९ फेब्रुवारी

झोप येत नाही, लिहितेच.

दारावरच्या सिक्युरिटीने स्टूल अडवलं. सासूबाईंनी लगेच कंबर धरली, "बाबा, माझे गुडघे गेलेत, हॉलच्या खुर्चीत माका बसूक जमणा नाय." पोराने बिचाऱ्याने स्वतः उचलून आत आणून दिलं. तो वळताच ह्या टुणकन खुर्चीत आणि मी स्टुलावर.

काय तो हॉल! एवढी माणसं, ढोल, झेंडे. मुली मेघनाच्या सह्या घेत होत्या. वर्षापूर्वी ही गॅलरीत बसायची तर लोक तिचे पाय ओलांडून जायचे. पलीकडच्या बाजूला दादा. हो, आमचा दादा! गनिमीचा टी-शर्ट घालून, पोट सुटलेलं, शिट्ट्या मारत. मला बघून हात केला. मी रुमालाने तोंड पुसल्यासारखं केलं.

शेवटच्या मॅचपर्यंत दोन्ही टीम बरोबरीत. एकेक टीम गळत गेली. रिंगण एवढंसं झालं. उरले किती? दोन. मेघना आणि नील.

ढोल-शिट्ट्यांनी कानाला कान लागू देईनात. मेघना दगडाआड, बंदूक समोर रोखून. नील तिच्या मागे, झाडाआड, हळूहळू सरकतोय. पडद्यावर आम्हाला सगळं दिसत होतं, तिला नव्हतं. एवढ्यासाठी तर वर्षभर देवाला साकडं घातलं होतं. नुसतं गप्प बसायचं होतं मला.

आणि मी स्टुलावर उभी राहिले आणि बोंबलले, "मेघने! मागे बघ गं! झाडामागे आहे मेला!"

मेला म्हटलं मी. माझ्या सख्ख्या भाच्याला!

तिच्या कानांवर हेडफोन. कुठलं ऐकू जायला. एक गोळी, आणि मेघना पडली. गिरगाव उसळलं.

मला रडूच फुटलं. दादा गर्दीतून येऊन मिठी मारून म्हणाला, "सुनेत्रा, आनंदाश्रू गं!" नील पाया पडला. "आत्या, तुझ्यामुळे!" त्याला जवळ घेतलं, तो जिंकला ह्याचा आनंदही झाला, खोटं कशाला बोलू. पण डोळे मेघनाला शोधत होते. ती आईच्या खांद्यावर डोकं ठेवून उभी होती. कौसल्याने माझा हात धरला आणि चाळीतल्या पोरांना म्हणाली, "बघा रे, आपली काकी किती रडते."

टॅक्सीने परत निघालो. स्टूल माझ्या मांडीवर. सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांच्याकडे मान वळवायची हिंमत झाली नाही.

सोमवार, १० फेब्रुवारी

सकाळी सासूबाईंनी चहा पुढे सरकवला आणि म्हणाल्या, "गो, वर्षभर तू मनात गिरगाव-गिरगाव करी होतंस, ता माका काय म्हायत नाय? तुझ्या बापाशीन लग्नातच माका सांगितल्यान, ही मनातून जेच्या बाजून आसता तो हरता. म्हणान तर तुका स्टुलार बसयलंय! काल लालबागच्या बाजून बोंबलूक कोणी सांगितल्यान तुका?"