माझी जखम का चिघळते

प्रिय ताईस,

शाळेच्या पायऱ्यांवरून आपण दोघी एकदमच घसरलो होतो, आठवतं? तुझा गुडघा चार दिवसांत सुकला, माझा महिनाभर चिघळला. "खपली काढतेस तू!" म्हणून आई रागवायची. मी हातही लावत नव्हते गं.

आता पायाची जखमही तशीच चिघळली. ताप उतरलाय, काळजी नको. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, तुमचा दोष नाही. तुमच्या जनुकांतच फरक आहे, शरीर जंतूंशी उशिरा लढतं. मुलांतही उतरू शकतं." इथे दवाखान्यात भेटायला कुणी येत नाही, म्हणून 'तुमचा दोष नाही' हे मी त्यांना पुन्हा सांगायला लावलं.

तुझी कंबर कशी आहे?

सोबतच्या पार्सलमधली शाल तुला. जनुकांच्या तपासणीचा रिपोर्ट माझ्या लेकीला. तिच्या ऑपरेशनआधी तिने तो सर्जनना दाखवायलाच हवा. पोस्टाने धाडू नकोस. स्वतः जा आणि ती वाचेल तेव्हा जवळ बस.

तुझीच,
धाकटी